गंजीपलीकडचा माणूस

मनकर्णाबाईला कुणी काही विचारलं, की ती आधी भिंतीकडे बघायची. विचारणाऱ्याकडे नाही, भिंतीकडे. चुन्यानं पोतारलेली पांढरी भिंत असली तर उत्तम. नसली तर दोरीवर वाळत घातलेलं धोतरही चालायचं. त्या पांढऱ्यावर नजर ठेवून ती जराशी गप्प व्हायची आणि मग सांगायला लागायची. आठवून सांगतेय असं वाटायचंच नाही. दारात उभं असलेलं माणूस घरातल्यांना सांगतं ना, कोण चाललंय, डोक्यावर काय आहे, तसं.

बाळापूरकडच्या त्या खेड्यात फोटो होते दोनतीन घरांत, आणि तेही गावातल्या. गावाच्या टोकाला असलेल्या वस्तीत कुणाकडेच नव्हता. त्यामुळे ज्याला आपलं गेलेलं माणूस पुन्हा बघावंसं वाटे, तो मनकर्णाकडे येई. गोदाबाई तर गेलेल्या नवऱ्यासाठी दर महिन्या-पंधरवड्याला यायची.

"माया बुढा पाह्य बरं वं मनकर्णा."

"कोन्या टायमाचा पाहू?"

"तापात पडाच्या आंधीचा."

मनकर्णा भिंतीकडे बघे. "कवठाखाली बसला हाये. डोक्यावर फडकं. डाव्या पायाची टाच फाटली, तिच्यात माती गेली. हातात सुतळी हाये. तोंड वर करून कोनाले तरी हासून राह्यला."

"मलेच हासत असन."

"तू नाई दिसत तथी."

"मी कशी दिसीन वं? मी समोरून आली असन!" असं म्हणून गोदाबाई पदर तोंडाला लावायची, आणि रडते की हसते ते कळायचं नाही.

छप्पन सालच्या दसऱ्याला वस्ती नागपूरला जाऊन आली आणि बुद्धाची झाली. त्यानंतर कितीतरी महिने बाप्ये माणसंसुद्धा मनकर्णाच्या ओट्यावर येऊन बसत. तेवढ्या माणसांत मी कुठं होतो, माझा हात वर होता का, माझ्या बाजूला कोण होतं? ती एकेकाला त्याची जागा दाखवून द्यायची. तिच्या नवऱ्याच्या, श्रावणच्या, धाकट्या भावाचा मुलगा देवमन. आईबाप लहानपणीच गेले, मनकर्णाच्याच हातची भाकर खाऊन मोठा झाला. त्याला ती म्हणाली, "तू रडून राह्यला होता."

"मी? घाम होता तो, मोठीमाय."

"डोयातून आलेला?"

ओट्यावरचे सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं देवमन हसला.

हे चित्र कसं येतं, ते तिला सांगता यायचं नाही. विचारलं तर म्हणायची, "येते." आवाज यायचा नाही, वास यायचा नाही. ती जिथं उभी राहिली असेल तिथूनच दिसायचं, झाडामागं काय होतं असं विचारलं तर ती चिडायची, "मी झाडामांगं गेली होती काय?" पण जे समोर होतं ते एवढं स्वच्छ, की चित्रातल्या माणसाच्या सदऱ्याच्या गुंड्या ती बोटानं मोजून दाखवायची. आणि ती कधी चुकली नाही. निदान चुकली असं कुणाला सापडलं नाही. गावातसुद्धा कुणाचं ढोर चुकलं, कुणाची विळी हरवली, तर निरोप यायचा: मनकर्णाला विचारा.

एकोणसाठच्या हिवाळ्यात वामनरावांचा बैल मेला.

वामनराव म्हणजे काळ्या जमिनीचा धनी माणूस. त्यांचा गुरांचा कोठा गावाच्या टोकाला, वस्तीला लागून होता. मनकर्णाच्या दारातून काट्यांचं कुंपण, कुंपणापलीकडे कोठ्याचं आवार आणि आवाराच्या पलीकडून शेतांकडे जाणारी गाडवाट, असं सरळ दिसायचं. त्या आवारात कापसाची गंजी लागायची. वेचणी झाली की रोजचा कापूस आणून टाकायचा. ती वाढत वाढत जायची, आणि भाव बरा आला की गाड्या भरून अकोल्याला.

बैल मेल्यावर वामनरावांनी देवमनला बोलावलं. "ओढून ने रे."

"आमी ते काम सोडलं, मालक."

"सोडलं म्हंजे? तुया बापानं ओढलं, त्याच्या बापानं ओढलं."

"म्हनून त सोडलं."

एवढंच बोलणं. पण ते चारचौघांसमोर झालं. बैल दोन दिवस पडून राहिला, वास सुटला, शेवटी वामनरावांनी गाडी लावून स्वतःच्या गड्यांकडून नेववला. गावात कुजबुज झाली. देवमन शांत होता. दुसऱ्या एकाच्या वावरात तो रात्रीच्या राखणीला, जागलीला होता. रोज संध्याकाळी घरून जळती गोवरी घ्यायची, तिच्यावर राख पसरून ती हातात धरायची आणि गाडवाटेनं वावरात जाऊन शेकोटी पेटवायची, हा त्याचा शिरस्ता. आगपेटीची काडी वाचते आणि हातही शेकतो, असं म्हणायचा.

आणि त्याच आठवड्यात, दिवेलागणीला, वामनरावांची गंजी पेटली.

कापूस पेटतो तेव्हा आधी ज्वाळ दिसत नाही. आत धुमसतो, आणि मग एकदम सगळाच जातो. गाव धावलं, वस्ती धावली, घागरी घेऊन बाया धावल्या. मनकर्णानंही पाणी ओतलं, हाताला फोड आले. काही उरलं नाही. आवारात काळा चिखल आणि मध्ये डोक्याला हात लावून बसलेले वामनराव.

सकाळी बाळापूरहून जमादार आला. गावच्या पारावर माणसं जमली. संध्याकाळी त्या बाजूला कोण होतं, असं त्यानं विचारलं आणि कुणीतरी नेहमीसारखं म्हणालं, "मनकर्णाबायले इचारा ना. तिचं दार त्याच आंगाले हाये."

तिला बोलावलं. ती फोडांवर तेल लावून आली होती.

"बाई, आग लागायच्या आधी गाडवाटेनं कोणी गेलं का?"

पारासमोर देवळाची पांढरी भिंत होती. मनकर्णानं तिच्याकडे बघितलं. आणि ती सांगायला लागली, गोदाबाईला सांगायची तसंच. "देवमन चालला हाये. गंजीच्या पल्याड. गळ्यात तांबडा मफलर. उजव्या हातात गवरी. धूर निंघून राह्यला."

अख्खा पार गप्प झाला.

त्या गप्प होण्यानं ती भानावर आली. भिंतीवरचं चित्र गेलं आणि समोर नुसती माणसं राहिली. आपण काय बोललो ते तिला आत्ता ऐकू आलं. "तो रोजच जाते," ती घाईघाईनं म्हणाली, "रोजच नेते तो गवरी, त्याची जागल हाये..."

"रोजचं नाही विचारलं. काल पाहिलं का?"

"हाव, पन..."

"तुझा कोण तो?"

"पुतन्या."

जमादारानं वामनरावांकडे बघितलं. वामनराव खाली मान घालून म्हणाले, "तिच्या डोयाले कोनी खोटं नाई म्हनत साहेब. अन् ते त्याच्या घरचीच होये." मग ते बैलाचं प्रकरणही बाहेर आलं.

देवमनला वावरातून आणलं, तेव्हा तो एवढंच म्हणत होता, की काल मी दुपारीच वावरात गेलो होतो, डुकरं येऊन गेली होती म्हणून काटे लावत होतो, गोवरी नेलीच नाही. पाहिलं कुणी? कुणी नाही. जाताना त्यानं मनकर्णाकडे बघितलं. रागानं नाही. गोंधळून, जणू तिलाच विचारतोय, मोठीमाय, मी खरंच गेलो होतो का?

बाळापुरात मॅजिस्ट्रेटसमोर तिचा जबाब झाला. अंगठा दिला. देवमन अकोल्याच्या तुरुंगात गेला.

वस्तीनं तिला वाळीत टाकलं नाही. वाळीत टाकायलाही कुणी तिच्याकडे येईनासं झालं. ओटा ओस पडला. विहिरीवर ती गेली की बाया घागर भरून निघून जायच्या. एकटी गोदाबाई एकदा थांबून म्हणाली, "डोये मिटाचे होते वं, मनकर्णा. तेवढं बी नाई जमलं?" श्रावण घरात बोलेनासा झाला. जेवताना कधी तरी म्हणायचा, "खरं सांगतलं तू. मले समजते." पण ताटावरून मान वर न करता.

देवमनची बायको शालू एक दिवस भरदुपारी आली. वेचणीची ओटी अजून कमरेला होती. येऊन ओट्यावर बसली नाही, उंबऱ्याच्या आत आली.

"मोठीमाय, मी भांडाले नाई आली."

मनकर्णानं तिला पाणी दिलं. ते तिनं घेतलं नाही.

"मले त्याची भेट देत नाई तथी. महिना होऊन राह्यला. तू सगळ्याइले त्याइचे मेलेले मानसं दाखवते. माया जिता हाये. मले दाखव."

"कोन्या दिवशीचा?"

"कोन्या म्हंजे? त्याच दिवशीचा. मी वावरात होती. मी नाई पाह्यला त्याले. कसा दिसत होता, ते त मले समजू दे."

मनकर्णाला ते नको होतं. त्या दिवसापासून ती भिंतीकडे पाठ करून बसायची. पण ही पोर समोर उभी होती आणि हलणार नव्हती. तिनं तोंड फिरवलं.

"मफलर हाये. एक टोक मांगं टाकलं, एक पुढं. सदऱ्याची बाही दुमडली. उजव्या हातात गवरी, कमरेपाशी धरली. बोटं आखडली, चटका बसत असन. डावा हात हालून राह्यला. धोतराले कासोट्यापाशी ठिगय हाये..."

"निळं."

"हाव, निळं."

"मीच लावलं," शालू म्हणाली. आणि मग ती एकदम थांबली. "मोठीमाय. तुले त्याचं ठिगय कसं दिसलं?"

"कसं म्हंजे? दिसून राह्यलं."

"कमर कशी दिसली तुले त्याची? मधात गंजी होती ना?"

"गंजी होती. गंजीच्या वरून..."

"वरून?" शालूचा आवाज चढला. "मी त्याच गंजीवर कापूस टाकत होती, मोठीमाय! शेवटल्या दिवसाइत आमाले गाठोडं वर फेकता येत नव्हतं, गडी वर उभे राहून वढून घेत. कोठ्याच्या वळचनीले लागली होती ते. तुया दारातून मानूस त सोड, गाडी गेली असती त दिसली नसती!"

मनकर्णा भिंतीकडे बघत राहिली. ते चित्र अजून तिथंच होतं, स्वच्छ, हलत नव्हतं. तिनं या वेळी देवमनकडे बघितलं नाही. त्याच्या खाली बघितलं. त्याच्यापुढं कापूस होता. पांढरा, ताजा, आणि एवढासा: देवमनच्या मांडीपर्यंत. नुकती लागायला सुरुवात झालेली गंजी.

तिनं शालूचं मनगट धरलं.

"शालू," ती म्हणाली, "हे त्या दिवशीचं नोहे."

चित्र खरं होतं. देवमन खरा, मफलर खरा, धूर खरा. फक्त ते केव्हाचं, हे चित्रात कुठंच नव्हतं. तो रोज जायचा, तीच वाट, तीच वेळ, तोच हात. जमादारानं 'काल' म्हटलं आणि तिच्या डोळ्यांनी हाताला लागेल ते पुढं केलं. तिनं तेच घेतलं. मग त्या दिवसाचं कुठं आहे? ती शोधायला लागली. पाणी ओततानाचं होतं, फोडांचं होतं, वामनरावांचं होतं. आगीच्या आधीचं काहीच नव्हतं. उंबऱ्यात बसून ती तांदूळ निवडत होती. ताटच बघत असणार. गाडवाटेकडे तिनं मान वर करून बघितलंच नसणार.

आणि त्यामागून दुसरं मनात आलं, जे तिला आणखी नको होतं. गोदाबाईचा बुढा कवठाखाली हसत होता, तो तापाच्या आधी कधी? मेलेल्यांची जी जी चित्रं तिनं वाटली, ती सगळी कुठल्या दिवसांची होती? कुणी कधी विचारलं नव्हतं. तिनंही नाही.

श्रावण घरी आल्यावर तिनं सांगितलं. तो भिऊन गेला. "जबाब फिरवशीन? तुलेच आत टाकतीन. आंगठा देला हाये तू."

"अन् तो आत हाये ते?"

"तुले कोन म्हनन का तू चुकली? सारं गाव म्हनते का मनकर्णा चुकत नाई!"

हे खरंच होतं. बाळापूरला जमादारानंही तेच ऐकवलं, हसत हसत. "वस्तीनं समजावलं वाटतं बाई तुम्हाला? घरी जा. कोर्टात जे लिहिलंय तेच बोला. नाहीतर खोट्या साक्षीचा खटला होतो, माहीत आहे ना?"

मग शालू आणि ती अमरावतीला गेल्या. मनकर्णाचं माहेर अमरावतीजवळच्या भातकुलीचं, तिच्या भावाच्या ओळखीत देवीदास नावाचा एक तरुण वकील होता. आपल्यातलाच, वसतिगृहात राहून शिकलेला. घरात टेबल एक आणि खुर्ची एक. त्यानं दोघींना खाटेवर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग बराच वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिला.

"मावशी, अडचण समजते का तुम्हाले? एरवी साक्षीदार खोटा हाये असं दाखवा लागते. अथी तुमी खऱ्या हा हेच त्याइचं बळ हाये. तुमी म्हनसान मी चुकली, त ते म्हनतीन तुमाले पुतन्याची माया आली."

"मी चुकली नाई, भाऊ. चित्र चुकलं नाई. दिवस चुकला."

"हे न्यायाधीशाले समजलं पायजे."

"तुले समजलं का?"

देवीदास पेन्सिल आपटायचा थांबला. "अर्धं," तो म्हणाला.

केस अकोल्याला उभी राहिली तेव्हा उन्हाळा लागला होता. कोर्टाच्या व्हरांड्यात साक्षीदारांना बसवलं होतं. फरशी तापलेली, तिच्यावर पदर अंथरून मनकर्णा बसली. आतून वामनरावांचा आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. ते बाहेर आले तेव्हा तिच्यासमोर थांबले.

"मनकर्णा, मी बी काई खोटं नाई सांगतलं. माया कापूस जयला."

"जयला, मालक. मी पानी वतलं."

ते पुढं काही तरी बोलणार होते, तेवढ्यात तिचं नाव पुकारलं.

पिंजऱ्यात देवमन होता. तिनं ठरवलं होतं की तिकडे बघायचं नाही.

कारकून म्हणाला, "म्हणा, ईश्वराला स्मरून..."

"मी खरं सांगीन एवढंच म्हनीन."

न्यायाधीशांनी मान हलवली. चालेल.

सरकारी वकील पिकल्या केसांचे, थकल्या आवाजाचे गृहस्थ होते. "बाई, बाळापुरात तुम्ही सांगितलंत की तुम्ही आरोपीला पाहिलं."

"हाव."

"हातात जळती गोवरी होती?"

"धूर निंघत होता."

"ते खोटं होतं?"

"खोटं नाई. पाह्यलं मी."

"मग आज काय म्हणणं आहे?"

"त्या दिवशी नाई पाह्यलं. दुसऱ्या कोन्या दिवशी पाह्यलं."

"कोणत्या?"

"ते मले सांगता नाई येत."

मागं कुणीतरी हसलं. वकिलांनी न्यायाधीशांकडे बघून हात पसरले. साक्षीदार फितूर झाली आहे, उलटतपासणीची परवानगी असावी. परवानगी मिळाली.

"पुतण्या आहे ना तुमचा?"

"मायाच हातचं खाऊन वाढला."

"वस्तीतले लोक बोलत नव्हते तुमच्याशी? आता बोलतात?"

"आता बी नाई बोलत."

"बाई, गावातला एकेक साक्षीदार सांगून गेलाय, की तुमची नजर कधी चुकत नाही. आता तुम्ही म्हणता चुकली. बघू या. माझ्या टेबलाकडे पाठ करा. पाहिलंय ना तुम्ही आत येताना? सांगा काय काय आहे."

देवीदास उठला, पण न्यायाधीशांनी त्याला हातानं बसवलं. त्यांनाही बघायचं होतं.

मनकर्णानं पाठ फिरवली. समोर न्यायाधीशांच्या मागची चुन्याची भिंत. टेबल लगेच आलं, न बोलावता. आणि त्याच क्षणी तिला कळलं की इथं सुटका आहे. एक गोष्ट चुकीची सांगायची. लाल शाई निळी म्हणायची. दोन गोष्टी विसरायच्या. म्हातारी झाली, नजर गेली, साक्ष गेली, देवमन सुटला. किती सोपं. तिच्या जिभेवर 'निळी' आलंही होतं. मागून शालूचा खोकला ऐकू आला.

पण नजर खोटी ठरली, तर मांडीएवढी गंजीही खोटी. मग उरणार काय? एक बाई, जी बाळापुरात एक बोलली आणि अकोल्यात दुसरं.

"काय झालं बाई? दिसत नाही का?"

"दिसते," ती म्हणाली. "तांबड्या फितीचे कागद हायेत, एकावर एक. वरच्याचा कोपरा मुडपला. दौत हाये, तांबडी शाई, तिचं झाकन बाजूले पडलं. पितयेचं वजन हाये, कासवाचं. संत्र्याची साल हाये कागदाखाली लपवलेली. तुमचा चष्मा हाये, त्याच्या एका दांडीले काया दोरा गुंडायला."

कोर्टात हालचाल झाली. वकिलांनी चष्मा उचलून बघितला, आणि त्यांनाही हसू आवरलं नाही. "बायकोनं गुंडाळलाय. बरोबर आहे." मग ते न्यायाधीशांकडे वळले. "माझं म्हणणं एवढंच, की ही बाई चुकत नाही. जे पाहिलं ते पाहिलं." आणि ते बसले.

शालूनं तोंडावर हात धरला. तिला वाटलं, संपलं.

देवीदास उठला. त्याच्या हातात काही कागद नव्हता. "मावशी, तशाच उभ्या राहा. भिंतीकडेच बघा. आता देवमनला बघा."

"पाह्यतो."

"सरकारी वकील म्हणतात ते मला मान्य आहे. तुम्ही चुकत नाही. त्याच्या पायात काय आहे?"

"पाय नाई दिसत."

"का?"

"कापूस आडवा हाये."

"कुठपर्यंत?"

"मांडीवरी. त्याच्या वरतं सगळं दिसते. धोतराचं ठिगय दिसते."

देवीदास न्यायाधीशांकडे वळला. "आज सकाळी फिर्यादींनी इथंच सांगितलं, जळालेली गंजी केवढी होती ते."

न्यायाधीशांनी वामनरावांना पुन्हा आत बोलावलं. "गंजी किती उंच होती म्हणालात?"

"वळचनीले टेकली होती साहेब," वामनराव ठासून म्हणाले. नुकसान कमी धरतील अशी त्यांना भीती होती. "गडी वर चढून तुडवत होते."

"या बाईंच्या दारातून पाहिलं तर पलीकडच्या वाटेवरचा माणूस दिसेल?"

वामनरावांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्यांनी मनकर्णाकडे बघितलं, पिंजऱ्याकडे बघितलं. सरकारी वकिलांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"नाई साहेब," ते शेवटी म्हणाले. "नाई दिसनार."

न्यायाधीशांनी काही लिहिलं, मग लिहिता लिहिता विचारलं, "बाई, हे तुम्हाला आधी का नाही दिसलं? चित्रात तर होतंच."

"मले इचारलं मानूस कोन. मी मानूस पाह्यला, साहेब. कापूस कोन पाह्यते? कापूस त सगळीकडंच असते."

निकाल पुढच्या तारखेला लागला. संशयाचा फायदा देऊन देवमनला सोडलं. मनकर्णावर खटला झाला नाही. आग कशी लागली ते मात्र कधीच कळलं नाही. गावात प्रत्येकाचा वेगळा अंदाज होता.

सुटल्यावर तो कोर्टाच्या आवारात आला. शालू धावत गेली आणि जवळ जाऊन एकदम लाजून उभी राहिली. श्रावणनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. मनकर्णा मागं थांबली होती. देवमनच्या गालांची हाडं वर आली होती. डोक्यावरचे केस बारीक कापलेले, एका कानामागं खरचटल्याची खपली. सदरा त्याचाच होता, पण खांद्यावरून उतरत होता. ती बघत होती. बघणं तिच्या हातात कधी नव्हतंच.

तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. वाकून पाया पडला. मग उठून हळूच म्हणाला, कुणाला ऐकू जाऊ नये असं, "मोठीमाय, तथी मी रोज इचार करू, का मी खरंच गेलो होतो काय? तू म्हनली म्हंजे गेलोच असीन. मले मायाच दिवस आठवे ना."

तिनं त्याच्या खांद्यावरून उतरलेला सदरा सारखा केला.

"मायावर राग नाई तुया," तो म्हणाला. शब्द उलटे पडले ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. "पन थोडे दिवस मायाकडं पाहू नोको."

बाळापूरची मोटार उभी होती. देवमन आणि शालू पुढच्या बाकावर बसले. मनकर्णानं श्रावणला खिडकीपाशी बसवलं, स्वतः कडेला बसली आणि डोक्यावरचा पदर तोंडावर पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला. मोटार सुटली. धक्के बसत होते, कुणाची तरी कोंबडी ओरडत होती. बरंच अंतर गेल्यावर श्रावण तिच्या कानाशी वाकला.

"रडून राह्यली काय वं?"

"नाई," पदराआडून ती म्हणाली. "त्यानं पाहू नोको म्हनलं."